बशीतला एकच लाल खडा

स्फटिक उचलायचा तो मावशीनंच, असा त्या प्रयोगशाळेत दंडकच होता. मिठाच्या कणाहून बारीक खडे सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे, एक सुईच्या टोकावर चिकटवायचा आणि क्ष-किरणांच्या यंत्रात बसवायचा, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. डिग्री नाही, पण हात असा की भलेभले मागे श्वास रोखून उभे राहायचे. "शिंकलात तर याद राखा!" असं ती प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनाही सुनवायची. सर हसायचे आणि दरवर्षी तिच्या करारावर सही करायचे. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर त्या सहीवरच चाललं होतं.

मावशी कुणाला भीत नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना काय कळतंय!

पीएचडी करणाऱ्या एका मुलीला सगळे काडी म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल अशीच ती होती. तिनं एक नवं संयुग बनवलं होतं. बोरॉन आणि कार्बनच्या अणूंचे दोन पिंजरे आणि त्यांच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू. मावशीनं त्यातला स्फटिक यंत्रात लावला, अणूंची रचना निघाली. एका पिंजऱ्याला क्लोरीनचा अणू चिकटलेला दिसला. सर खूश. घोळ झाला तो पुढे. त्याच संयुगाची चिमूटभर पूड रेणू तपासणाऱ्या एनएमआर यंत्राच्या मोठ्या चुंबकात घातली तर क्लोरीनचा मागमूस नाही, दोन्ही पिंजरे अगदी सारखे!

"रचना समोर दिसतेय. चूक तुझ्या हाताची आहे," सर काडीवर उखडले. "टाकून दे ते. पुन्हा बनव."

काडीनं पुन्हा बनवलं. चार महिन्यांत सहा वेळा बनवलं, सहा वेळा ओतून दिलं. चुंबक दरवेळी तेच सांगत होतं.

एका दुपारी डबा खाताना मावशीला काडीच्या पहिल्या स्फटिकांची बशी आठवली आणि तिनं हातातला घास डब्यात परत ठेवला. बशीत सगळ्या नारिंगी कपच्या होत्या आणि त्यांच्यात एकच गडद लाल, ठसठशीत खडा. कपच्या लावायच्या म्हणजे मोठी कटकट. लाल खड्यावर ती भाळली होती आणि तो पहिल्या झटक्यात लागलाही होता. अगं बाई! भेसळीचा एक दाणा उचलून तिनं अख्ख्या पोत्याला त्याचं नाव दिलं होतं.

सांगावं तर सही याच महिन्यात होती. सरांनी नुसती "मावशी" म्हणून हाक मारली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. समोरून काडी आली की ती उगाच कपाट उघडून आत डोकं खुपसायची. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठ दिवस गेले. नवऱ्यालासुद्धा तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

नवव्या दिवशी सकाळीच तिनं काडीच्या नव्या बाटलीतली एक नारिंगी कपची जीव मुठीत धरून यंत्रात लावली. संध्याकाळी रचना निघाली. क्लोरीन नव्हता. दोन सारखे पिंजरे.

कागद घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं.

सरांनी कागद वाचून खाली ठेवला. "तुम्हाला कळलं कधी?"

"आठ दिवस झाले, सर."

त्यांनी टेबलावरचं एक पत्र तिच्याकडे सरकवलं. काडीचं होतं. मला हे काम जमत नाही, मी सोडून जाते आहे, एवढंच. तारीख कालची होती.

सहीचं काय होणार, हे विचारायचंही मावशीला सुचलं नाही. तिथंच उभ्या उभ्या तिनं काडीला फोन लावला.

"बाळा, तुझं पहिल्यापासून बरोबर होतं गं. चूक माझी होती. परत ये."

"मावशी," काडी म्हणाली, "मला आता साधी बाटली हातात धरायचीही भीती वाटते."