चतुर्थीच्या दुपारचा ई-मेल

ती बाई आणि तिच्या हातात वाजलेला फोन अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी अधिकारी नव्हते. नवरा गेल्यावर त्याच्या जागी, हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, सदर भागातल्या पोलीस ठाण्यात चपराशी म्हणून लागले, शिक्षण चौथी. पण मराठी बाई तक्रार घेऊन आली की ठाणेदार साहेब मलाच तिच्याजवळ बसवत.

त्या दिवशी तक्रारी लिहून घेणारे मुन्शीजी हसले. "रोज मेल आ रहा है, फिर लड़का गुम कैसे, अम्मा?"

तिचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला. कंपनीत फोन चालत नाही म्हणून रोज दुपारी ई-मेल यायचा : 'आई, मी जेवलो. बरा आहे.'

पुरुषांसमोर बाई बोलेना. मी चहा दिला. निम्मा झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, काल संकष्टी होती. चंद्र बघितल्याशिवाय तो घास घेत नाही. मग दुपारी जेवलो काहून लिहिलं? दुसरंच कोणी लिहून राहिलं. माझ्या पोराचं काही बरंवाईट तर..."

साहेबांशी बोलायला मी लाजत असे, तरी सांगितलं. ते हसले नाहीत. सायबर सेलकडून तपासून घेतलं. मेल पुण्याहून नाही, सदरमधूनच निघत होते, मुलाच्या मित्राच्या खोलीतून.

मित्राला लॅपटॉपसकट बोलावलं. "मुझे कुछ नहीं पता, सर," एवढंच तो घोकत राहिला. साहेबांनी आवाज चढवला नाही. त्या आईला आणून त्याच्यासमोर बसवलं. मित्राची मान खाली गेली. त्याने लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी होत्या.

"काकू, ही स्क्रिप्ट आहे. तुमच्या मुलानेच लिहून दिली. मेल रोज आपोआप जातो." त्याने एक ओळ टाईप केली. बाईच्या हातातला फोन वाजला : 'आई, मी जेवलो. बरा आहे.'

बाई पांढरी पडली. "तो कुठाय?"

"इथेच जवळ शहपुऱ्याला, भाजी मंडीत मटार तोलतो. पुण्याची नोकरी मिळालीच नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली त्याला."

संध्याकाळी शिपाई मुलाला घेऊन आले. आईने एवढंच विचारलं, "काल काय खाल्लंस?"

"चंद्र निघेपर्यंत काही नाही."

तिने घरून आणलेला डबा उघडला. मग मित्राकडे वळली. "आणि तू रे! पंचांग बघून तरी पाठवायचं!" साहेबसुद्धा हसले.

गुन्हा नोंदवावा लागला नाही. मी मात्र एक शिकले. घाबरलेली बाई मनातलं लगेच सांगत नाही, चहा निम्मा झाल्यावर सांगते. तोवर तिच्याजवळून उठू नये. निवृत्त होईपर्यंत मी कधी उठले नाही.