वैशाखातला शुक्र

मुलांनो, तुम्ही तिकडे घरामागे दुर्बीण मांडलीत आणि आधी काय बघू, असं विचारलंत. उत्तर देण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवते. तुमची आत्याआजी, म्हणजे माझी नणंद, मागच्या महिन्यात गेली. ती असेपर्यंत हे लिहिणं मला जमलं नसतं.

माझी पितळी दुर्बीण वडिलांची. आकाश बघायला त्यांनीच शिकवलं, आणि लग्नात दुर्बीण पेटीसकट मला दिली. सासरी ती पेटी सहा वर्षं पलंगाखाली होती. पुढे ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, जुन्या कचेऱ्या मोडल्या, मामंजींची नोकरी गेली. घरात सगळेच उदास होते. मला दिवस गेले होते. एका संध्याकाळी मी पेटी बाहेर ओढली आणि फ्रीगंज पेठेतल्या आमच्या घरामागे तिवई रोवून शनी बघू लागले. त्या वर्षी त्याची कडी जवळजवळ मिटलेली होती, नुसती आडवी रेघ. रोज चित्र काढायचे, खाली वेळ लिहायचे.

मुलगी झाली आणि सव्वा महिन्याची होऊन गेली. भेटायला आलेल्या बायकांसमोर नणंद म्हणाली, "शनीकडे टक लावून बसलेली बाई. दुसरं काय होणार?" त्याच आठवड्यात तिने माझ्या वहीने बंब पेटवला. कागद चांगला आहे, लगेच धरतो, म्हणाली. मी नवी वही आणली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा ग्वाल्हेरचा, नव्या सरकारात नोकरी पक्की. त्याची आजी अंथरुणाला खिळलेली होती, तिला नातसून बघून जायचं होतं. मुहूर्त वैशाखातला. तेवढ्यात राम घाटावरचे आमचे गुरुजी आले आणि म्हणाले की दोन पंचांगं जुळत नाहीत. एकात शुक्राचा अस्त लग्नानंतर होता, दुसऱ्यात तो होऊनही गेला होता. शुक्र मावळलेला असताना लग्न लावत नाहीत. तो परत उगवेपर्यंत चातुर्मास लागणार, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत वाट बघायची. मुलाकडचे थांबणार नव्हते, त्यांच्याकडे दुसरी मुलगी सांगून आलेली होती. गुरुजींनी तोड काढली: पहाटे पूर्वेला प्रत्यक्ष दिसला तर मुहूर्त कायम. दुर्बिणीतून दिसला तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळे घरामागे जमले. नणंद माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, सगळं तुमच्या हातात आहे. मागचं मनात ठेवू नका."

पूर्वेला धूळ होती. नुसत्या डोळ्यांना कुणालाच काही दिसेना. मी नळी मागच्या लिंबाच्या झाडाच्या डाव्या बाजूने हळूहळू फिरवली आणि शुक्र सापडला. लहान, गोल, थरथरता, पण स्पष्ट.

"दिसला का गं?" मामंजींनी विचारलं.

"नाही, मामंजी."

नणंद म्हणाली, मला बघू द्या. बाजूला होताना मी नळी बोटभर सरकवली. तिने डोळा लावला, बराच वेळ बघितलं. मग तीच म्हणाली, "काहीच नाही हो." सूर्य वर आला. गुरुजी चहा घेऊन गेले.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ग्वाल्हेरच्या मुलाने महिन्याभरात दुसरीशी लग्न केलं. नंतर स्थळं येत गेली, पण मामंजींकडे ना नोकरी होती ना हुंडा. मग तीही यायची थांबली. नणंद आमच्याच घरी राहिली. तुमच्या बाबांना तिने वाढवलं, मी शाळेत शिकवायला जात असे. दर दसऱ्याला दुर्बिणीचं पितळ चिंचेने तीच घासायची. मला तिने कधी दोष दिला नाही. तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्या दिवशी सगळे आत गेल्यावर मी शुक्राचं चित्र काढलं, वेळ लिहिली, आणि खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या. घरात माझ्याशिवाय कुणाला इंग्रजी येत नव्हतं.

दुर्बीण अजून चांगली आहे, भिंगाला एक चरा आहे तेवढाच. वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. ते पान तुम्हाला वाचता येईल.