सगळ्या गल्लीचा एकच नंबर

सौंसरला आमच्या गल्लीतल्या चौदा जणांची आरोग्य कार्डं माझ्या एकटीच्या फोन नंबरवर निघाली, आणि त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

शिबिर समाज मंदिरात होतं. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी प्रत्येकाला मोबाइल नंबर विचारत होती. कुणाचं रिचार्ज संपलेलं, कुणाचा फोन नवऱ्यासोबत शेतात गेलेला, कुणाला स्वतःचा नंबर पाठ नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मॅडमचाच टाका न. त्याइले वाचता येते, आमाले काय समजते." मी मराठी शाळेत शिकवते. गल्लीचे सगळे अर्ज माझ्याच ओट्यावर भरले जातात, त्यामुळे कुणालाच यात वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच. प्रत्येकासाठी माझ्या फोनवर सहा आकडे यायचे आणि मी ते मोठ्यानं वाचून दाखवायची. तेच आकडे मागवून पुढे कुणाचंही कार्ड मला उघडता येईल, हा विचार माझ्या शिकलेल्या डोक्यात आला नाही.

त्याच शिबिरात सगळ्यांची सिकलची, म्हणजे रक्तातल्या सिकल सेल आजाराची, तपासणी झाली. काही आठवड्यांनी फोनवर ओळीनं चौदा निरोप आले की रिपोर्ट कार्डाला जोडला आहे. मी माझा उघडला. मी वाहक निघाले. दुसऱ्यांचे उघडायचा मोह झाला नाही, असं म्हणणार नाही. काकूंच्या मुलीच्या नावावर मी दोनदा बोट नेलं आणि दोनदा मागे घेतलं.

सिकलच्या वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही. पण नवराबायको दोघंही वाहक असले तर लेकरू आजारी निघू शकतं. आमच्या आईवडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी धाकटी बहीण गुडघे पोटाशी घेऊन रडायची आणि लोक म्हणायचे, वात आहे. पाचवीत गेली त्या वर्षी ती वारली. मोठा भाऊ तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचा.

तोच भाऊ एका रविवारी पांढुर्ण्याहून आला, संत्र्यांची थैली घेऊन. त्याच्या मुलासाठी काकूंची मुलगी जवळजवळ ठरली होती, आणि ती सोयरीक मीच सुचवली होती. चहा हातात घेतल्या घेतल्या त्यानं विषय काढला.

"तुह्या फोनात तिचा सिकलचा रिपोर्ट आहे म्हनते न?"

"आहे."

"पाह्यून सांग मले. हो का नाही, येवढंच."

"तिले विचार न दादा."

"पोरीले कसं विचारू वं? तू गुपचूप पाह्यून घे. कोनाले समजते?"

"मले समजते. आन् पोराची जांच केली काय तू?"

"त्याले काय झालं? चांगला धडधाकट आहे."

धडधाकट तर मीही आहे. माझं डोकं तापलं. एकट्या मुलीचा कागद पाहून सगळं कळत नाही, दोघांचे शेजारी ठेवावे लागतात, हे मी त्याला सांगितलं. तो उठला. "आपली बहीन कशी गेली ते तू विसरली," असं म्हणून त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला. त्यानं हे म्हणायला नको होतं. ती संत्र्यांची थैली दोन दिवस मी उघडली नाही.

आठवड्याभरात बोलणं फिरून माझ्याच दारात आलं. मॅडम रिपोर्ट लपवून राहिली, म्हणजे काहीतरी असनच. मी गप्प राहिले आणि लोकांनी माझ्या गप्प राहण्याचाच त्या मुलीचा रिपोर्ट करून टाकला. काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकदा वाटलं, उघडून पाहावं आणि चांगला निघाला तर गावभर सांगावं. पण चांगला नाही निघाला तर काय करायचं, आणि पुढच्या मुलीच्या वेळी काय करायचं?

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर बैठक बसली. सोयरीक जुळवताना फसवणूक होऊ नये म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट समाजाच्या समितीनं पाहून ठेवावे, असा विषय होता. भाऊही आला होता. एक निवृत्त कंपाउंडर उठले. बेशुद्ध पडलेल्या माणसाचं जुनं दुखणं डॉक्टरला लगेच दिसलं तर जीव वाचतो, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याजवळ लपवाले आहेच काय?"

हे वाक्य मला सहन होत नाही. मी उभी राहिले.

"डॉक्टरले इलाजासाठी दिसू द्या, माही ना नाही. समिती कोनता इलाज करनार आहे? आपली जात गावानं आपल्याले न विचारता सांगितली. आता आपलं रक्त बी दुसऱ्यानंच सांगाचं काय? मी वाहक आहो. हे मी सांगून राहिली, कारन हे माह्यं आहे. बाकी तेरा जनाचं माह्या तोंडून निघनार नाही. ज्याले मले गल्लीतून काढाचं असन त्यानं काढावं."

कुणी काढलं नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. विषय पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर चपला घालताना भाऊ जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तू तुह्यं नाही सांगितलं, माह्यं सांगितलं. तुह्यं न माह्यं रक्त एकच. लोक आतापासूनच पोराबद्दल विचारून राहिले."

ते खरं होतं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. "हाव, चुकलं माह्यं," मी म्हणाले. "पन आता समजलं न तुले, त्या पोरीले कसं वाटत असन ते." तो बसस्टँडकडे चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी काकूंची मुलगी स्वतःचं सिम घेऊन ओट्यावर आली. कार्डावरचा नंबर बदलायला जुन्या नंबरवर आकडे येतात. मी ते सहा आकडे तिला वाचून दाखवले, आणि तिचं नाव माझ्या फोनवरून गेलं. पुढचा महिनाभर मी एकेकाला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि नंबर बदलायला लावले. लोक वैतागले. मी ऐकलं नाही.

मधे कधीतरी माझ्या भाच्यानं बापाला न सांगता जांच करून घेतली. तो आणि काकूंची मुलगी जवळच्या रामाकोना गावात भेटले आणि त्यांनी आपापले कागद एकमेकांना दाखवले. हे मला मुलीनं सांगितलं. "मंग?" माझ्या तोंडून निघून गेलं. ती हसली. "मंग काय, मॅडम? आमी लग्न करून राहिलो." पुढचं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लग्नाच्या मांडवात भाऊ माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. "आता त सांग. तुले माहीत असनच." मी फोन त्याच्या हातात दिला. त्या यादीत आता एकच नाव उरलं होतं, माझं. त्यानं ते नाव वाचलं आणि फोन परत दिला. मग त्यानं स्वतःचा फोन काढला आणि हळूच विचारलं, "माह्या कार्डाले कोनाचा नंबर लागला आहे, ते कुठं दिसते वं?"

पांढुर्ण्याच्या शिबिरात त्यानं कुणाचा नंबर दिला होता, ते त्याला आठवत नव्हतं.