दहा किलोहर्ट्झवर माझ्या सह्या

माजी विद्यार्थ्यांनो, मला अजून विश्वास बसत नाहीये.

आज लॅबमध्ये नेहमीचाच प्रयोग होता: चार्जरच्या गोंगाटाची फ्रिक्वेन्सी ऑसिलोस्कोपवर शोधा. उत्तर दहा किलोहर्ट्झ. तुम्हीही जुन्या जर्नलमधून तेच उतरवलंत, मला माहितीये.

आज श्रावणीने टाइमबेसचा, म्हणजे स्कोपच्या वेळेच्या पट्टीचा, नॉब फिरवला. "मॅडम, आलेखाचं टोक साठवर गेलं! सिग्नल तर तोच आहे ना?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. स्कोप सिग्नलचे नमुने घेऊन फ्रिक्वेन्सी काढतो. त्या नॉबने नमुन्यांचा वेग ठरतो; नमुने कमी पडले, की स्कोप बेधडक खोटा आकडा दाखवतो. आमचं सेटिंगच वर्षानुवर्षं चुकीचं होतं!

गेल्या वर्षी एकीने साठ लिहिलं होतं. "निदान बघून तरी नीट उतरव," म्हणत मी ते लाल शाईने खोडलं.

अगं, वाचत असशील तर जर्नल घेऊन येशील? त्या साठवर माझी सही राहिलीये.