पाळण्यातली सुरमई

आमच्या बोर्लीच्या शाळेत अनुसूयाबाई सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवतात. आकाशपाळणा जोरात फिरताना वरच्या टोकाला वजन कमी भरतं आणि तळाशी जास्त, हेही शिकवतात. यंदा नववीतल्या रुचिकाने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलंय?" बाईंना तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरही गरगरतं. मी मराठीचा मास्तर. म्हटलं, सोडून द्या हो. "आजवर न बघता शिकवलं मी," एवढंच म्हणाल्या. त्यांना ते फार लागलं होतं.

जत्रेच्या दिवशी बाई ताणकाटा घेऊन हजर, मागे अख्खी नववी. वजनासाठी घरच्या वाडीतला सोललेला नारळ. पाळण्यात चढताना तो त्यांनी क्षणभर पाळणेवाल्या अनंताकडे धरायला दिला. दिवसाची पहिली फेरी, त्यात शाळेच्या बाईंच्या हातचा नारळ! अनंताने डोळे मिटून हात जोडले आणि खांबाच्या पायाशी तो वाढवला. बाई ओरडेपर्यंत नववी खोबरं चावत होती.

शेजारी केसर मासे विकत होती. तिने बरोब्बर किलोची सुरमई दिली, पण बाईंचा भरवसा नाही म्हणून स्वतःही पाळण्यात बसली. समोर मी. सुरमई काट्याच्या आकड्याला लटकली आणि पाळणा सुटला.

वर गेल्यावर बाईंनी डोळे गच्च मिटले. दुसऱ्या फेरीतही तेच. मी काटा वाचून सांगायला तोंड उघडलं, तर "खबरदार सांगाल तर!" म्हणून माझ्यावरच खेकसल्या, तेही डोळे मिटूनच.

"बाय, मावरं मऊ पडंल माजं," केसर म्हणाली. "उघडा की डोलं!"

तिसऱ्या फेरीला बाईंनी उघडले.

"साडेआठशे!" अख्ख्या जत्रेला ऐकू गेलं. तळाशी येताच काटा साडेअकराशेवर. केसर जागची उठायलाच निघाली. "अरं अनंता, इथंच थांबव! इथंच इकते मी सुरमई!" पाळणा थांबला की पुन्हा किलोच भरणार, हे तिला कोण सांगणार!

खाली उतरताना बाईंना दोन मुलींनी धरलं होतं. रुचिका धावत आली. "बाई, वरून समुद्र दिसला?"

"कसला समुद्र? काटा बघत होते मी." आवाज मात्र वर्गातला. "वही काढ आणि लिही. बघितलंय मी."