अमावस्या नको, पौर्णिमा सांग

काल सोमवार, अष्टमी. दुपारी साडेबाराला कोपरजवळच्या खाडीवर सरकारी पाहणी झाली. पाच माणसं आली, वीस मिनिटं थांबली आणि वाळलेल्या चिखलाचे फोटो काढले...

माझं शिक्षण समुद्री जीवशास्त्राचं. पण गेली बरीच वर्षं मी खेकड्यांपेक्षा फायलीच जास्त बघते. तिवरांमागच्या मोकळ्या पट्ट्यावर भरतीचं पाणी येतं, एवढं एक वाक्य मला अहवालात हवं आहे. ते नसेल तर तिथे भराव पडेल, आणि खाडीचं पाणी मागच्या चाळींत शिरेल.

हा पट्टा रोज बुडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणालाच पाणी तिथवर चढतं, अष्टमीला ते खालीच राहतं. हे सगळं पत्रात लिहून, भरतीचा तक्ता जोडून, मी अमावस्येची दुपार मागितली होती.

ऑफिसने परस्पर अष्टमी ठरवली. का, ते काल कळलं. "मॅडम, अमावस्येला साहेब साइटवर निघत नाहीत... त्यात गाडी नवीन," त्यांचा असिस्टंट हळूच म्हणाला.

साहेब बूट जपत पट्ट्याच्या मधोमध उभे होते. "अहो, पाणी कुठाय? इथे तर क्रिकेटची मॅच होईल!" सगळे हसले.

मी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. गणूकाका, ज्यांच्या होडीतून मी पंधरा वर्षं ही खाडी फिरले, सव्वा महिन्यापूर्वी गेले.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं होतं. ऐकून म्हणाले, "सायबाला आवस नको सांगू गो, पुनव सांग. पानी दोनी दिसाला तवरंच येतं." मी हसले. म्हटलं, काका, विज्ञानाला असलं काही लागत नाही. अमावस्या आधी येत होती, मी तीच लिहिली...

काल साहेबांना एवढंच म्हटलं, "सर, पुढच्या सोमवारी पौर्णिमा आहे. दीडला याल?"

"पौर्णिमा? हां, दिवस चांगला आहे. येऊ. तोवर अहवाल थांबवतो."

झालं! तक्ता नाही, नकाशे नाहीत, इतक्या वर्षांचा अभ्यास नाही... काम झालं ते यावर. इतकी चीड आली की नीट आभारही मानले नाहीत. साहेबांची आली, पण त्याहून जास्त माझी स्वतःची. काकांना पाणीही कळत होतं आणि माणसंही. मी त्यांच्याकडून अर्धंच शिकले.

खाडीवरून परतताना काका तांब्याने माझ्या बुटांवर पाणी ओतायचे आणि मी चिखल चोळून काढायचे. काल घरी येऊन बाथरूममध्ये बसले. एका हातात मग धरला, दुसऱ्या हाताने बूट धुतले. बराच वेळ लागला.