न्हाई आणि न्हाय

परीक्षानळी धुऊन झाली की मामा ती खिडकीकडे धरत, एक डोळा मिटत आणि काचेतून बाहेरचं लिंबाचं झाड नीट दिसतं का ते पाहत. दिसलं, की म्हणत, "बराबर हाय." आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून उभा जन्म काढलेल्या या माणसाच्या जगात बरोबर असलेली वस्तू एवढीच, धुतलेली काच. बाकी सगळ्यावर त्यांचा शेरा ठरलेला. पाऊस लांबला की "काई खरं न्हाई". पाऊस आला तरी "काई खरं न्हाई". एकदा दहावीची सगळी मुलं पास झाली म्हणून मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात टाकून म्हणाले, "आता अकरावीला काई खरं न्हाई यांचं."

शिपायाला, परिचराला मामा म्हणायची पद्धत तुमच्याही शाळेत असेल. आम्हीही त्यांना मामाच म्हणायचो. हेडमास्तरसुद्धा.

मी सांगलीकडचा. वसमतजवळच्या हट्ट्याला विज्ञानाचा शिक्षक म्हणून आलो तेव्हा इथली बोली ऐकून मला हसू यायचं. 'येऊन राहिलो' म्हणजे माणूस येतोय की राहतोय, हे कळायला महिना गेला. पुढे मात्र मी ती इतकी उचलली की सुटीत घरी गेल्यावर आई विचारायची, "कुठलं बोलाय लागलाईस रं?" बारा वर्षांत आपण पक्के इथले झालो, याचा मला फार तोरा होता. माणसाने तोरा मिरवावा, पण तो उतरवणारा माणूस कुठेतरी काचा धूत बसलेला असतो.

एका मधल्या सुटीत प्रयोगशाळेत गेलो, तर मामा ओट्याशी बसून मोबाइल नाकाला लावून वाचत होते. डबा शेजारी तसाच. मला वाटलं, भीमगीतं असतील, ती त्यांना फार आवडत. डोकावलो तर पडद्यावर अंतराळातलं जहाज. हिंदीत आवाज दिलेली परदेशी विज्ञानमालिका होती ती. पृथ्वी राहण्याजोगी उरली नाही म्हणून काही शे माणसं एका जहाजात बसून दुसरा ग्रह शोधायला निघाली आहेत, अशी गोष्ट. आमची नववीची पोरं तिच्यासाठी वेडी होती. पण मामा? चंद्रावर माणूस गेला हेदेखील ज्यांना "ऐकलेलं हाय" एवढंच मान्य होतं, ते मामा?

"मामा, तुम्ही बघता हे?"

"शिरेल न्हाई बगत सर. खालचं वाचून राहिलो."

खालचं म्हणजे प्रत्येक भागाखाली बघणारे लोक जे लिहितात ते. कुणी रडतं, कुणी शिव्या घालतं, कुणी पुढे काय होणार याची भाकितं करतं. मामा ते एकेक नाव बोट ठेवून वाचत होते, वर्गात हजेरी घेतात तसं.

मी काहून म्हणून विचारलं, आणि विचारल्याचं लगेच वाईट वाटलं. कारण त्यांचं पोरगं चार वर्षांपूर्वी घर सोडून गेलं होतं, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कुणी त्याचं नाव काढत नसे. तो पोलीस भरतीची तयारी करायचा. एकदा थोडक्यात हुकली, मग पहाटेचं धावणं सुटलं आणि दिवसभर ही मालिका सुरू झाली. एका सकाळी मामांनी त्याच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, रांजणात टाकला आणि म्हणाले, "एवढं गोड वाटून राहिलं तर जाय त्या जहाजातच राह्याला." पोराने उलट उत्तर दिलं नाही. अंघोळ केली, भाकरी खाल्ली, वसमतला जाऊन येतो म्हणाला. वसमतहून तो कुठल्या गाडीत बसला ते कळलं नाही. ठाण्यात तक्रार दिली, फोटो दिला. मामींनी हाय खाल्ली आणि दोन वर्षांत त्याही गेल्या.

मग कधीतरी पोराच्या एका मित्राने मामांना ही खालची जागा दाखवली. पोरगं तिथे 'हट्टी अंतराळवीर' या नावानं लिहायचं. हट्ट्याचा म्हणून हट्टी. पहिल्या सीझनच्या प्रत्येक भागाखाली त्याचं काहीतरी होतं, आणि शेवटची ओळ दर वेळी एकच, 'काई खरं न्हाई'. एका ठिकाणी इंदूरच्या कुणीतरी विचारलं होतं, "भाई, इसका मतलब?" पोराने उत्तर दिलं होतं, "मतलब कुछ नहीं. बाप की आदत है."

हे उत्तर मामांनी मला किती वेळा दाखवलं असेल. "बगा सर, बापाची आदत म्हन्तो. साऱ्या दुनयेला सांगून ठिवलं लेकरानं." हसायचे. मग चष्मा काढून पुसायचे आणि तोही उजेडाला धरून पाहायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगं असेल तिथं ही मालिका बघतच असणार. मोबाइल बुडाला तेव्हा जुनं नाव बुडालं असेल, म्हणून इतके दिवस दिसलं नाही, नव्या नावानं लिहीत असेल. पण सीझनच्या शेवटच्या भागाला तो गप्प बसायचा नाही, आणि ओळ तीच टाकेल. ती ओळ दिसली की ओळखू. नाव काही का असेना.

तिसरा सीझन संपायला आला तेव्हा मार्गशीर्ष होता. स्टाफरूममध्ये मामा चहा देताना म्हणाले, "रविवारी सीझन संपून राहिला." आमच्याकडे सीझन म्हणजे हळदीचा, दुसरा सीझन कुणाला ठाऊक? मराठीचे सर दचकले. "आँ? अजून काढणी न्हाई, शिजवणं न्हाई, अन् संपला?" सगळे हसले. मामाही हसले. मी हसलो नाही, कारण रविवारी ते कुणाची ओळ शोधणार हे मला माहीत होतं.

शेवटचा भाग मी मुद्दाम पाहिला. जहाजाचा मेकॅनिक दुरुस्तीसाठी बाहेर जातो. कमरेला दोरी. आत कॅप्टनशी त्याचं आदल्याच भागात भांडण झालेलं. काम होतं, तो हात हलवतो, आणि दोरी सुटते. तो लांब जात राहतो, डोक्यावरचा दिवा लुकलुकत राहतो, आणि पडदा काळा. बस. संपला सीझन. सोमवारी आमच्या नववीत दोन तट पडले होते. एक म्हणे, दोरी तुटली. दुसरा म्हणे, तुटली नाही, आतून कॅप्टनने कापली. मालिकेच्या खालीही तेच रणकंदन चाललं होतं. हजारो लोक एका खोट्या माणसासाठी ढसाढसा रडत होते. मी मामांना गमतीने विचारलं, "तुम्ही कुणाकडून? तुटली की कापली?"

 मामा बीकर धूत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "सर, दोरी गेल्यावर मानूस कुठं जातं?"

मी विज्ञानाचा मास्तर. उत्तर जिभेवर तयार. म्हणालो, "कुठंच थांबत नाही. ज्या दिशेला निघाला त्याच दिशेला, त्याच वेगाने जात राहतो."

"थकून वापस?"

"तिथं थकणं नसतं मामा. वळायला बाहेरून कुणीतरी ढकलावं लागतं."

"अन् ढकलायला कुनी नसलं तर?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आम्ही कशाबद्दल बोलतो आहोत. घर सोडून गेलेल्या मुलाच्या बापाला मी जडत्वाचा नियम शिकवला होता, आणि तोही अगदी बरोबर. अजून त्या उत्तराची मला लाज वाटते.

आठ दिवस मामा वाचत होते. नळाशी, ओट्याशी, प्रार्थनेच्या वेळी भिंतीआड. लिहिणारे वाढतच होते, त्यामुळे वाचून संपेना. काहींचं लिहिणं इंग्रजीत असे, ते माझ्याकडून वाचून घेत. "यात हाय का सर? न्हाई ना? बरं." नवव्या दिवशी त्यांच्या हातून परीक्षानळी फुटली. तीस वर्षांत पहिली. ते ओणवे होऊन काचा वेचत होते आणि मला ते बघवेना.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एक मूर्खपणा केला. नवं खातं उघडलं, 'हट्टी अंतराळवीर' हेच नाव घेतलं आणि शेवटच्या भागाखाली लिहिलं: 'मेकॅनिक मेला न्हाई. वापस येनार. काई खरं न्हाय.' दोनदा वाचून पाहिलं. अस्सल उतरलं होतं. स्वतःच्याच बोलीवर खूश होऊन मी ते पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे आले. आम्लांच्या बाटल्या पुसल्या. आठवीचं प्रात्यक्षिक लावून दिलं. मी चोरासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटचा तास झाल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, हे तुमी लिवलं."

"मी? छे. काहून म्हणता असं?"

"न्हाय." त्यांनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. "आमच्यात न्हाई अस्ते, सर. न्हाय तुमच्याकडलं. वर बराबर लिवलं तुमी, खाली जीभ गावाला गेली."

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी तोंडातल्या तोंडात माफी मागितली. पुसून टाकतो म्हणालो.

"पुसू नका," ते म्हणाले. "राहू द्या. त्यानं पायलं तर त्याला राग येईल, आपल्या नावानं कोन लिवून राहिलं म्हून. भांडायला तरी येईल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाला तकलीफ झाली सर माझ्यापायी."

तकलीफ मला झाली म्हणत होते. मला त्यांच्यासमोर रडू आलं, आणि माझी पाठ थोपटत ते उभे राहिले.

भांडायला कुणी आलं नाही. पुढे दोनेक महिन्यांत मालिका काढणाऱ्यांनीच जाहीर केलं की चौथा सीझन येणार नाही, खर्च झेपत नाही. लोकांनी चार दिवस आरडाओरडा केला आणि ते दुसऱ्या मालिकेकडे वळले. मेकॅनिक तिकडेच राहिला. मामांना मी हे सांगितलं, तेव्हा ते नेहमीचा शेराही म्हणाले नाहीत. नुसतं "व्हय का" म्हणाले. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि पुसेगावला दिलेल्या लेकीकडे राहायला गेले. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

मामांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. भन्तेजी बोलत होते आणि मांडवातली निम्मी माणसं रस्त्याकडे बघत होती. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळायची. गाड्या आल्या तशा गेल्या. जेवणं झाल्यावर मामांची लेक माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, बाबानं एकदा माझ्याकून त्या शिरेलखाली काई लिवून घेतलं व्हतं. तुमी लिवलेल्या ओळीखालीच लिव म्हनले. तुमी वाचलं का?"

मी वाचलं नव्हतं. लाजेपायी मी ते पान पुन्हा उघडलंच नव्हतं. तिथेच मांडवाच्या कडेला उभं राहून उघडलं. माझ्या खोट्या ओळीखाली मामांची ओळ होती. 'दोरी तुटली न्हाई. कापली. ज्यानं कापली त्याला मालूम हाय. तू ये.'

त्याखाली लोकांनी भरभरून लिहिलं होतं. 'अंकल ने सही पकड़ा.' 'मैं तो पहले दिन से बोल रहा हूँ, कॅप्टन ने ही काटी.' कुणी अंगठे, कुणी टाळ्या. एकाने विचारलं होतं, 'पुरावा काय?' मी एकेक नाव बोट ठेवून वाचत गेलो, शेवटपर्यंत. त्यात तो नव्हता.

आता प्रयोगशाळेत नवा परिचर अजून मिळालेला नाही. परीक्षानळ्या मीच धुतो. परवा एक धुतली, खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला. लिंबाचं झाड स्वच्छ दिसलं. मोबाइल ओट्यावर उघडाच होता, त्या पानावर महिनोन्महिने कुणी नवं आलेलं नाही. "काई खरं न्हाई," मी म्हणालो. ई अगदी इथल्यासारखा आला, पहिल्यांदा. आणि तो बराबर आला, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.